घरात राहणारे चोर

अमृतसर छावणी,
२२ ऑक्टोबर १९४७

तीर्थरूप गुरुजींच्या चरणी मानसिंग पवारचा साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की हात चालत नव्हता. इटलीत लढाई पाहिली, पण तिथे शत्रू समोर होता आणि त्याच्या अंगावर त्याचा गणवेश होता. इथे निर्वासितांचे तांडे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चाललेत, आणि आम्ही मध्ये बंदुका घेऊन उभे. यांना मारलं कोणी म्हणून विचारावं, तर शेजाऱ्यानं. काय काय पाहिलं ते लिहीत नाही. हे पत्र आपण शाळेच्या ओट्यावर माझ्या दादाला आणि वहिनीला वाचून दाखवणार. दादाला अक्षर येत नाही आणि वहिनी ऐकून जेवायची नाही.

पण एक गोष्ट आपल्याला विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्या छावणीत बग्गासिंग नावाचा शीख हवालदार आहे, लॉरी चालवतो. इटलीत यानेच मला गोळीबारातून ओढून बाहेर काढलं होतं. छातीवर पदक आहे, आवाज असा की अडेलतट्टू खेचरसुद्धा ऐकतं. काल गुरुद्वाराजवळून जात होतो. लोक पायताणं काढतात तिथे हा गडी मांडी घालून बसलेला, आणि एकेक जोडा उचलून आपल्या उपरण्याने पुसतोय. हमालाचे जोडे, झाडूवाल्याचे जोडे, सगळे. मी हाक मारली, त्याने मान वर केली नाही.

मला वाटलं, कोणा साहेबाने शिक्षा दिली. तडक त्याच्या सुभेदाराकडे गेलो आणि म्हटलं, पदकवाल्या माणसाची ही विटंबना का. सुभेदार म्हणाला, ही पलटणीची शिक्षा नव्हे, त्याने ती मागून घेतली आहे. त्याला घरातल्या चोरांनी लुटलं. एवढं बोलून त्याने कागदांत डोकं घातलं.

गुरुजी, शिक्षा कोणी मागून घेतो का? आणि हे चोर कोणते? माझं डोकं चालत नाही. काकूंना नमस्कार.

आपला
मानसिंग

●

ढवळवाडी,
९ नोव्हेंबर १९४७

चि. मानसिंग यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं तेव्हा ओट्यावर नेहमीची मंडळी होती: तुझा दादा जोतीराम, तुझी वहिनी चंद्राबाई आणि किराणावाला गुंडा. तुझ्या काकूंनी सगळ्यांना चहा दिला, गुळाचा, कारण साखरेवरून गुंडाचं आणि सरकारचं जमत नाही. पत्र संपलं तेव्हा जोतीराम म्हणाला, "शेजाऱ्याच्या घराला काडी लावायची म्हंजी त्या माणसांस्नी काळीजच नसंल, गुरुजी. आपल्याकडं असलं न्हाई हुयाचं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आता तुझे चोर. मी थोडं वाचलेलं आहे, थोडी विचारपूस केली. काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार, हे शिखांचे पाच चोर. आपल्याकडे षड्रिपू म्हणतात, ते सहा. मत्सर त्यांनी कुठेतरी दुसऱ्याच्या पोटात घातलेला दिसतो. तुझी काकू उमा म्हणाली, पंजाबी माणसं काटकसरी असतील. थट्टा सोड, पण मला आकड्याचं नवल नाही. आपण त्यांना शत्रू म्हणतो. शत्रू वेशीबाहेर येतो, त्याची धूळ दिसते, वेस लावून घेता येते. चोर म्हटला की तो घरात. वेस लावून काय उपयोग? मी तीस वर्षं पोरांकडून सहा नावं पाठ करून घेतली, पण हा विचार मला शिवला नव्हता.

घरची खबर: जोतीरामने पुन्हा पट्टीचा विषय काढला. ओढ्याकाठची माझी जमिनीची पट्टी तुमच्या उसाच्या मध्ये येते, पाट फिरवून न्यावा लागतो, हे खरं. पण वडिलांची तेवढीच खूण उरली आहे, ती द्यायला मन होत नाही. मी नाही म्हटलं. तो हसला, आणि जाताना तुझ्या काकूंच्या पदरात ओंजळभर शेंगा घालून गेला.

बग्गासिंगने काय केलं ते कळव.

गोपाळकृष्ण देशिंगकर

●

अमृतसर,
१५ डिसेंबर १९४७

तीर्थरूप गुरुजींना साष्टांग नमस्कार.

बग्गासिंगला गाठलं. गाडीखाली आडवं पडून, हातात पाना घेऊन, माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं.

ऑगस्टमध्ये तो रजेवर गावी होता. शेजारी फजलदीन म्हणून लोहार. दोघे एका पाटावर खेळलेले. दंगा पेटला तेव्हा बग्गासिंगने स्वतःच्या हाताने त्याला आपल्या कडब्याच्या खोलीत लपवला. माणसं आली, याच्याच गावची, यातला एक तर याचा चुलतभाऊ. विचारलं, आत कोणी आहे का. हा 'आहे' म्हणाला नाही, 'नाही'ही म्हणाला नाही. दारातून बाजूला झाला आणि विहिरीकडे चालता झाला.

मी विचारलं, का? भ्यालास? म्हणाला, "मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या म्हशीची धार काढत होतो. तेव्हा मला कळलं मी बाजूला का झालो ते. ती म्हैस मला तीन वर्षं आवडत होती."

मग तो आपण होऊन त्यांच्या संगतीपुढे, म्हणजे गुरुद्वारात जमणाऱ्या मंडळींपुढे, गेला. दीक्षेचं अमृत घेतलेले पाच जण बसतात, सगळ्यांदेखत त्यांच्यापुढे हात जोडून उभं राहायचं, आपलं पाप आपल्या तोंडाने सांगायचं आणि ते ठरवतील ते करायचं. त्याला पायताणं पुसायला सांगितली, लंगरातली भांडी घासायला सांगितली, आणि फजलदीनचं कोणी जिवंत असेल तर शोधून म्हैस पोचवायला सांगितलं. शिक्षा आपली आपण निवडायची नाही. निवडू दिली तर पाचवा चोर, अहंकार, पुढे येतो आणि म्हणतो, बघा मी केवढी मोठी शिक्षा घेतली.

त्यांची शिकवण त्याने अशी सांगितली. माणूस मुळात वाईट नाही, आत उजेड आहे. पण चोरही आतच राहतात, आपल्याच ताटातलं खातात. घरधनी झोपला की घर त्यांचं. म्हणून पहाटे उठून नाम घ्यायचं आणि चार माणसांत बसायचं, कारण एकट्याला झोप लवकर लागते. मी विचारलं, पायताणं पुसून हे फिटेल का? म्हणाला, फिटायचं नाही. पुन्हा माणसांच्या पंगतीला बसता यावं, एवढ्यासाठीच.

त्या दिवसापासून त्याने वाढलेला घास माझ्या घशाखाली उतरत नाही. याच माणसाने माझा जीव वाचवलाय. त्याच्याबरोबर जेवू की नको, तेवढं सांगा.

मानसिंग

●

ढवळवाडी,
१२ जानेवारी १९४८

चि. मानसिंग यास आशीर्वाद.

जेव. जो आपल्या तोंडाने सांगतो त्याच्याबरोबर जेवावं. न सांगणाऱ्यांबरोबर आपण रोजच जेवतो.

पत्र वाचून दाखवलं. जोतीराम एवढंच म्हणाला, "एका म्हशीपायी?" आणि उठून गेला.

सोबत तुझ्या काकूंचा तिळगूळ. फुटला असेल तर पोस्टाला गोड बोल. तिला आठवडाभर अंगात कणकण आहे. महिनाअखेर मी तिला माहेरी सांगलीला पोचवून येईन म्हणतो.

गोपाळकृष्ण

●

अमृतसर,
२५ फेब्रुवारी १९४८

तीर्थरूप गुरुजींना नमस्कार.

ही माझी दुसरी चिठ्ठी. पहिली शाळेच्या पत्त्यावर धाडली होती, ती 'मालक गावी नाहीत' असा शेरा मारून परत आली. गांधीजींना मारलं ते आम्हाला इथे कळलं तेव्हा छावणीत चूल पेटली नाही. मारणारा ब्राह्मण होता म्हणून आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर सगळीकडे ब्राह्मणांची घरं जाळली असं वऱ्हाडचा एक शिपाई पेपर वाचून सांगत होता. मी त्याला खोटारडा म्हटलं, हमरीतुमरी झाली. आता मलाच झोप नाही.

काकूंच्या माहेरचा पत्ता आठवून सांगलीला लिहितोय. फक्त 'आहोत' एवढं लिहा.

मानसिंग

●

सांगली,
१४ मार्च १९४८

चि. मानसिंग यास आशीर्वाद.

आहोत.

घर गेलं. गांधीजी गेले त्यानंतरच्या सोमवारी मी शाळेच्या कामाने कुंडलला गेलो होतो. दुपारी परत येताना ओढ्यापलीकडून धूर दिसला. मला वाटलं कोणीतरी पाचट जाळतोय. वेशीत आलो तर माझीच पोरं, म्हणजे माझ्या शाळेतली, बघायला उभी होती. एकही पोर माझ्या डोळ्याला डोळा देईना. पुस्तकं, वडिलांच्या पोथ्या, शाळेचा नकाशा, सगळं गेलं. नकाशाचं मला का इतकं वाईट वाटावं कोण जाणे.

माणसं बाहेरगावची होती. लॉरीतून आली आणि गेली. गावातल्या कोणाची ओळख पटली नाही. उमा घरात होती, ताप होता म्हणून सांगलीला जायचं राहिलं होतं. तिला जोतीरामने मागच्या दाराने बाहेर काढलं. हाताला थोडं भाजलं आहे, भरून येतंय. बोलत मात्र नाही. हवं-नको एवढंच.

जोतीरामला या गोष्टीवरून काही विचारू नकोस, लिहू नकोस. त्यालाही धक्का बसला आहे.

गोपाळकृष्ण

●

जालंदर,
६ एप्रिल १९४८

तीर्थरूप गुरुजींना आणि काकूंना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आधी रडलो. मग, खरं सांगतो, छाती फुगली. माझ्या दादाने. वडील साथीत गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. मला वाढवायला त्याने स्वतःचं लग्न सात वर्षं लांबवलं. तो असाच वागणार.

मी हे छावणीभर सांगितलं. बग्गासिंगने ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "तुझा भाऊ दारातून बाजूला झाला नाही. घरी गेलास की माझ्या वतीने त्याच्या पायांवर डोकं ठेव." मी म्हटलं, माझ्या वतीनेही ठेवणारच आहे. मेमध्ये रजा मंजूर झाली. आधी गावी जाऊन दादाच्या पाया पडतो, मग सांगलीला येतो.

मानसिंग

●

ढवळवाडी,
२० मे १९४८

गुरुजी,

आपण माझ्याशी खोटं का बोललात?

स्टेशनावरून शेतातल्या वाटेने आलो. ओढ्याकाठी येऊन थांबलो. मला वाटलं रस्ता चुकलो. आपल्या पट्टीचा बांध नाही. पाट सरळ गेलाय, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढा ऊस. फेब्रुवारीतली लागण. म्हणजे आपल्या घराची राख गरम असताना कोणीतरी सऱ्या पाडत होतं.

घरी येऊन वहिनीला विचारलं. ती चुलीपुढून उठेना. म्हणाली, "भावजी, मला इचारू नका." मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, "लॉरीतल्या माणसांस्नी घर कुटलं ते ठावं नव्हतं. ह्यांनी म्होरं चालून दावलं."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे आपणच शिकवलंत. दादा आला, मी विचारलं. 'नाही' म्हणाला नाही. म्हणाला, "समद्या मुलखात पेटलं हुतं. आमच्याच गावानं बांगड्या भरायच्या हुत्या व्हय?" मी पट्टीचं विचारलं. त्यावर मात्र खाली बघितलं.

मला पुढचं दिसेनासं झालं. संध्याकाळी आरतीला सगळं गाव मारुतीच्या देवळात जमतं. मी दादाला हाताला धरून तिथे नेलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझ्या भावाने गुरुजींचं घर दाखवलं, आणि त्याला पायरीशी बसवून म्हटलं, पुस पायताणं. तो बसला. डोक्याचा पटका काढला आणि एकेक वहाण पुसू लागला. आधी पोरं हसली. मग गुंडा हसला. मग हळूहळू कोणी हसेना. शेवटी माझे बूट राहिले, मी ते पायातच ठेवले होते. त्याने तेही पुसले. फार वेळ पुसले. मी तसाच उभा होतो.

सकाळी तो घरात नव्हता. पटका खुंटीला, पैरण खुंटीला. तीन दिवस झाले. विहिरी बघितल्या. वहिनी माझ्याशी बोलत नाही.

आपण खरं लिहिलं असतं तर मी हे सगळं त्याच्या पाया पडायला निघालेल्या मनाने ऐकलं नसतं. मी सांगलीला येत नाही. मला आपल्यासमोर उभं राहता येत नाही.

मानसिंग

●

सांगली,
२८ मे १९४८

मानसिंग,

तुझं पत्र वाचून मी हादरलो. घर जळालं तेव्हा बाहेरून आग लागली होती. ही तू आतून लावलीस.

तुझ्याच पत्रात तू लिहिलं होतंस की तो सरदार आपण होऊन उभा राहिला, आपल्या तोंडाने बोलला, आणि शिक्षा ठरवायला पाच जण होते. तू कोणाला विचारलंस? मला? उमाला? जिचे हात भाजले तिला एका शब्दाने विचारलं नाहीस. फिर्यादी तू, पंच तू, चाबूकही तुझ्याच हातात. तुझे पाच म्हणजे तू एकटा. कोणता चोर होता तो, क्रोध की अहंकार, हे तू ठरव. मला दोन्ही दिसतात. ज्याने तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्याच्यापुढे तू बूट पुढे केलास.

मी खोटं का बोललो ते सांगतो. उमाने जोतीरामला पाहिलं होतं. तिला कोणी बाहेर काढलं नाही. ती गोठ्याच्या खिडकीतून निसटली आणि दिवस मावळेपर्यंत तुमच्याच उसात लपून बसली. हे तिने मला त्याच रात्री एकदाच सांगितलं. मला वाटलं तुझं तरी घर राहू द्यावं. आणखी एक. उमा त्या सोमवारी सांगलीला जाणार हे त्याला माहीत होतं, ताप चढला ते माहीत नव्हतं. त्याने रिकामं घर जाळलं, अशी माझी खात्री आहे. घर जाळणारा माणूस आणि माणूस जाळणारा माणूस यांत मी फरक करतो. तेवढ्या फरकावर मी सध्या जगतो आहे.

त्याला शोध.

गोपाळकृष्ण

●

जालंदर,
११ जुलै १९४८

तीर्थरूप गुरुजींना नमस्कार.

रजा संपेपर्यंत शोधलं. आटपाडीपर्यंत गेलो, जतला मेंढरांच्या बाजारात विचारलं. कोणी म्हणालं, असा माणूस मिरजेला हमाली करताना दिसला. मिरजेला नव्हता.

बग्गासिंगला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो तरी म्हणेल बरं केलंस, आमचीच रीत तू पाळलीस. त्याने विचारलं, तो आपण होऊन आला होता की तू ओढून आणलास? मी म्हटलं, ओढून. तो म्हणाला, मग ती आमची रीत नव्हे. सेवा ओढून करून घेतली की नुसती बेइज्जती उरते. तू त्याच्या चोरांना पकडायला आपले चोर पाठवलेस, आता दोन्ही घरं लुटली गेली.

मग मला संगतीपुढे घेऊन गेला. मी त्यांच्या धर्माचा नाही म्हणून त्यांनी मला शिक्षा दिली नाही, पण बसायचं असेल तर बस म्हणाले. मी बग्गासिंगच्या शेजारी पायताणांपाशी बसतो. काम सोपं नाही. पहिल्या दिवशी कोणीतरी मला बघतंय का तेच बघत होतो.

बग्गासिंगला फजलदीनचा मुलगा लाहोरकडच्या छावणीत सापडला. निरोप पाठवला तर उत्तर आलं, म्हैस तुझ्याचकडे राहू दे, तुला रोज दिसायला हवी.

काकू बोलतात का?

मानसिंग

●

सांगली,
१८ ऑगस्ट १९४८

चि. मानसिंग यास आशीर्वाद.

जोतीराम आला. जिवंत आहे, हे आधी.

काल दुपारी दार वाजलं. उघडलं तर उंबऱ्याबाहेर उभा. केस वाढलेले, डोकं उघडं. इतके दिवस तो दूर नव्हता, इथेच सांगलीत हळदीच्या वखारीत पोती उचलत होता. रोज आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत जात होता. मी 'ये' म्हटलं नाही आणि 'जा' म्हटलं नाही. तो म्हणाला, "गुरुजी, त्या सरदाराचं पत्र तुमी वाचलं हुतं. माज्यासाठी पाच माणसं तुमी सांगा. ती म्हणतील त्ये करतो. पायताणं पुसाय सांगा, सगळ्या पेठंची पुसतो."

मी तयार होतो, मानसिंग. मनात पाच नावं जुळवू लागलो होतो. मला वाटत होतं आज माझ्या हातून काहीतरी मोठं घडणार. तेवढ्यात उमा आतून आली. फेब्रुवारीपासून तिने एवढं मोठं वाक्य उच्चारलं नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही त्यांना घर दाखवलंत तेव्हा मी आत आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

मीच मध्ये बोलणार होतो की त्याला कसं ठाऊक असेल. तो माझ्या आधी बोलला.

म्हणाला, "व्हय. सकाळी चंद्रानं तुमास्नी पेज आणून दिली हुती. तिनं घरी येऊन सांगितलं हुतं, काकू पडूनच हायत्या म्हणून."

समोरच्या माणसाला धरून भिंतीवर आपटावं असं वाटलं. मी, गोपाळकृष्ण देशिंगकर, ज्याने तुला मोठ्या थाटात लिहिलं होतं की सांगणाऱ्याबरोबर जेवावं. मी मागच्या अंगणात गेलो, आणि पाचांत बसायची माझी लायकी नाही हे मला तिथे कळलं.

परत आलो तर उमा उभीच होती. ती शांतपणे सांगत होती की पायताणं पुसायची नाहीत. गावात जायचं, चावडीवर उभं राहायचं आणि आत्ता जे बोललात ते सगळ्यांदेखत बोलायचं. घर दाखवलं हे नाही, ते गावाला माहीत आहे. बाई आत होती आणि मला ठाऊक होतं, हे. जोतीराम रडू लागला. म्हणाला, काकू, दुसरं कायबी सांगा, चंद्राच्या म्होरं हे कसं बोलू. उमा म्हणाली, एवढंच आहे. तो पाया पडायला वाकला तेव्हा तिने पाय मागे घेतले.

तो गेला. गावी जाईल की नदीवर, मला सांगता येत नाही.

गोपाळकृष्ण

●

सांगली,
९ सप्टेंबर १९४८

चि. मानसिंग यास आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो.

आज बाजारच्या दिवशी चंद्राबाई आली. जोतीराम गावी गेला होता. चावडीवर माणसं जमल्यावर त्याने सांगितलं, जसंच्या तसं. ती स्वतः तिथे होती. तिनेच नेऊन दिलेल्या पेजेची गोष्ट तिने आपल्या नवऱ्याच्या तोंडून ऐकली. म्हणाली, "मी सांगितलं त्ये ह्यांच्या कानावरच गेलं नसंल, आसं मनाला समजावत हुती. पायाखालची भुई गेली, काकू. मी तवापास्नं त्येंच्या ताटात भाकर वाढती हाय, पर माजा हात उचलत न्हाई."

जोतीराम बोलून खाली बसला. कोणी शिवी दिली नाही. मग गुंडा उठला. देवळात हसलेला तोच गुंडा. म्हणाला, "घासलेट माज्या दुकानातलं हुतं. बाई खोकत हुती, मला भाईर ऐकाय आलं हुतं." तो बसला आणि गावचे निरोप पोचवणारा तराळ उठला. म्हणाला, त्याला पोलिसांत वर्दी द्यायला धाडलं होतं आणि तो ओढ्यावर जाऊन बसला. मग पाटलाची म्हातारी बोलली. तिने खिडकीतून पाहिलं होतं आणि खिडकी लावून घेतली होती. चंद्राबाई सांगत होती की दिवेलागण झाली तरी एकामागून एक माणूस उठतच होता, आणि ज्याचं सांगून झालं तोही घरी जाईना.

मला ऐकताना भरून आलं. मनात म्हटलं, हीच ती संगत, गाव जागं झालं. मी तसं उमाला बोलूनही दाखवलं.

उमा चंद्राबाईच्या शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे मी आत आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं."

तू आणि तुझा बग्गासिंग जिथे बसता तिथे कोणाला यावर उत्तर सुचलं तर कळव.

गोपाळकृष्ण